घरची बालवाडी आणि विकतची पेटी



आजचे भाषण आहे तीन ते सहा वर्षांच्या मुलांविषयी. या वयाच्या मुलांना घरच्या घरी शिकवता यावे म्हणून तयार अभ्यासक्रमाच्या पेट्या हल्ली विकत मिळतात. पेटीत चित्रांची पाने असतात, अक्षरांचे पत्ते असतात, रंगीत ठोकळे असतात, आणि सोमवारी काय करायचे, मंगळवारी काय करायचे, हे सांगणारी एक पुस्तिका असते. काही पेट्या मोबाइलवर चालतात. विकणारा म्हणतो, ‘‘एवढं घ्या, पुढचं सगळं आमच्याकडं लागलं.’’ आणि कांद्याची पट्टी नुकतीच हातात पडलेली असली, घरात चार वर्षांची नात असली, म्हणजे आजोबांना वाटते, घ्यावी का? प्रश्न साधा आहे. पण त्यात पैसा आहे, आणि पैशापेक्षाही मोठे म्हणजे त्या पोरीची शिकण्याची गोडी आहे. ती गोडी एकदा विटली तर पुन्हा लावणे फार कठीण.

घरी शिकवण्याची गरज शहरातल्या हौशी लोकांनाच असते, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांकडेच पाहा ना. पश्चिमेला आहुपे-भीमाशंकरचा डोंगराळ मुलूख. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला विखुरलेल्या वाड्या. आषाढात ओढे भरून वाहू लागले की चार वर्षांच्या पोराला पलीकडच्या वाडीत धाडायचे कसे? मधल्या बागायती पट्ट्यात माणसे गावठाणात कमी आणि मळ्यात जास्त राहतात; तिथे बिबट्याने उसालाच आपले रान मानले आहे, म्हणून लहानग्यांना एकटे सोडायला आईचे मन धजत नाही. दिवाळी उलटली की विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. त्यांची लेकरे निम्मे वर्ष इथे नि निम्मे वर्ष आपल्या गावी. आणि नारायणगावच्या राहुट्यांतून निघणारे तमाशाचे फड! हंगामभर यात्रा करीत फिरणाऱ्या कलावंतांच्या मुलांना एका गावची बालवाडी कशी पुरी पडावी? तेव्हा घर हीच शाळा, ही अडचण आपल्याकडे पुष्कळांची आहे. ज्यांची अंगणवाडी शेजारीच आहे त्यांनाही घरी काय करावे हा प्रश्न उरतोच, कारण मूल उरलेला सगळा दिवस घरीच असते.

पेटीची ही कल्पना आजची नव्हे. जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग या गावी १८३७ साली फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षकाने लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि खेळण्यांच्या लाकडी पेट्या बनवल्या. एका पेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरीत गोल, घन आणि नळकांडे, तिसरीत आठ सारख्या तुकड्यांचा घन. त्यांना तो ‘देणग्या’ म्हणत असे. कल्पना मोठी सुंदर होती. परंतु पुढे या पेट्या कारखान्यांतून निघून देशोदेशी विकल्या जाऊ लागल्या, आणि पुष्कळ ठिकाणी काय झाले? बाईंनी हुकूम करावा, सगळ्या मुलांनी एकाच वेळी तोच ठोकळा उचलावा, त्याच जागी ठेवावा. खेळाची कवाईत झाली. खुद्द फ्रोबेलच्या अनुयायांतच यावरून वाद माजले.

अमेरिकेतली गोष्ट आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. बाल्टिमोर शहरात कॅल्व्हर्ट नावाची शाळा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या मुख्याध्यापकांनी, व्हर्जिल हिलियर यांनी, घरी शिकणाऱ्या मुलांसाठी रोजचे धडे आणि साहित्य टपालाने पाठवण्याची सोय केली. दूर शेतावर राहणारी कुटुंबे, परदेशी नोकरीवर गेलेली कुटुंबे, यांना तिचा पुढे पुष्कळ उपयोग झाला. म्हणजे पाहा, पेटीचा जन्म फॅशनपोटी झालेला नाही. शाळा लांब होती म्हणून ती घरी आली. तेव्हा पेटी म्हटली की नाक मुरडायचे, हेही बरे नव्हे.

पण आपल्याला खरा धडा मिळतो तो आपल्याच महाराष्ट्रात, आणि तो दिला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी.

ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. त्या दोघांपुढे आदर्श होता इटलीतल्या मारिया माँटेसरीबाईंचा. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये गरिबांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांची साधने मोठी विचारपूर्वक बनवलेली : चढत्या-उतरत्या जाडीच्या दट्ट्या, एकावर एक रचायचे गुलाबी घन, बोटांनी गिरवायची खरखरीत अक्षरे. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि हे शिक्षण शहरांतून पसरले. परंतु ही साधने महाग. शहरातल्या सुखवस्तू आईबापांना ती परवडत. खेड्यातल्या बालवाडीने ती कोठून आणावीत?

१९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. बोर्डी आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या. तिथे या दोघींनी महागडी पेटी बाजूला ठेवली. मात्र पेटीमागचा विचार टाकला नाही, हे लक्षात घ्या! मुलाने हाताळून शिकावे, आपल्या गतीने शिकावे, मोठ्यांनी पाहावे आणि गरजेपुरतीच मदत करावी, हा विचार त्यांनी घट्ट धरला. साधने मात्र गावातून घेतली. शंखशिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या, मातीची भांडी. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी घेऊन पाड्यावर गेल्या आणि झोपड्यांच्या अंगणात बसल्या. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही चालली. गुरे जिथे, तिथे शाळा! २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. आज देशभर तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव आहे.

या इतिहासातून मी एकच गोष्ट घेतो, आणि आजच्या भाषणात तीच सांगायची आहे. पेटी आपण मुलासाठी घेतो असे म्हणतो. परंतु खरी ती असते मोठ्या माणसासाठी. मुलाला खेळायला जग पुरेसे आहे. अडते ते आपले. आता याच्याशी काय बोलू, काय करू, हे आपल्याला सुचत नाही. म्हणून पेटी पारखायची ती अशी : ही वापरल्याने आईला, आजीला, मोठ्या बहिणीला आपल्या मुलाकडे पाहायला आणि त्याच्याशी बोलायला येऊ लागेल का? की तिला नुसते पहारेकरी करून टाकील : ‘‘बस खाली, पान पुरं कर’’ म्हणणारी?

हा मुद्दा धरून पाच प्रश्न सांगतो. पेटी विकत घ्यायची असो, कोणी फुकट दिलेली असो, की सरकारी असो, हे प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न भाषेचा. पेटी बोलते कोणत्या भाषेत? मूल घरात जी बोली ऐकते तीत त्याचे सारे शहाणपण साठवलेले असते. डोंगरातल्या महादेव कोळी किंवा ठाकर घरातल्या मुलाची बोली पुस्तकातल्या मराठीहून थोडी निराळी असते. ती चुकीची नव्हे. पेटी पुरी इंग्रजीत असेल आणि घरात ती कोणालाच येत नसेल, तर आईचे तोंडच बंद झाले. मग शिकवील कोण? इंग्रजी जरूर शिकावे, त्याला ना नाही. पण ज्या घरात गप्पा आहेत, गोष्टी आहेत, तिथे ती पुढे चांगली रुजते.

दुसरा प्रश्न हातांचा. पेटीत कागद किती आणि वस्तू किती? चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत अजून लिहिण्याची ताकद यायची असते. ती येते कणीक मळून, शेंगा सोलून, माती कालवून, गाठी मारून. दररोज चार-चार पाने गिरवायला लावणारी पेटी बोटांना दमवते आणि मनाला कंटाळवते. पानांचा गठ्ठा जाड म्हणून शिक्षण जास्त, हा हिशेब इथे लागू नाही.

तिसरा प्रश्न : मूल अडले तर ही पुस्तिका काय सांगते? ‘जमले नाही तर पुन्हा उद्या करा, हे असे सोपे करा, नको असेल तर सोडून द्या,’ असे सांगत असेल, तर ती लिहिणाऱ्याने मुले पाहिलेली आहेत असे समजा. नुसतीच तारीखवार यादी असेल, तर ती फ्रोबेलच्या पेटीसारखी कवाईत होण्याचा धोका आहे.

चौथा प्रश्न वेळेचा, आणि तो स्वतःला विचारायचा. बसणार कोण? कांदालागण, खुरपणी, टोमॅटोची तोडणी, धारा काढणे, यातून त्या घरातल्या बाईला दिवसात किती वेळ मिळतो? पेटी दोन तास मागत असेल तर ती पंधरा दिवसांत फडताळावर जाऊन बसेल. आणि वर आई स्वतःलाच दोष देत राहील, की माझ्याच्याने होत नाही. बाईमाणसावर हा नवा बोजा कशाला? अर्ध्या तासात होणारे, आणि आजोबांनाही करता येणारे, असे काम हवे.

पाचवा प्रश्न पैशाचा. एकदा लिहून संपणारे त्यात किती आणि धाकट्या भावंडालाही पुरणारे किती? विकणाऱ्याला सांगा, एका आठवड्याचे काम आधी दाखवा; आम्ही करून पाहतो, मग ठरवू. बियाणे घेताना आपण उगवण विचारतो, जनावर घेताना दात पाहतो. मग इथेच डोळे मिटून का घ्यावे? ‘तीन महिन्यांत वाचायला लागेल’ असे वचन कोणी देत असेल, तर ओट्यावरूनच रामराम करावा. मुलाची वाढ कोणी हमीने विकू शकत नाही.

आता या पाच प्रश्नांना उतरणारी एक पेटी आपल्या अंगणातच कशी पडलेली असते, ते पाहू.

कांद्याची प्रतवारी चाललेली असते. गोळा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी, चिंगळी वेगळी. माँटेसरीबाईंच्या लाकडी दट्ट्यांतून मूल जे शिकते ते हेच : मोठे, त्याहून लहान, त्याहूनही लहान; डोळ्यांनी तोलायचे, हाताने ठरवायचे. चार वर्षांच्या मुलापुढे दहा-पंधरा कांदे ठेवा आणि म्हणा, ‘‘बाळा, मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लाव बरं.’’ चुकले तर लगेच दुरुस्त करू नका. विचारा, ‘‘हा इथं का ठेवलास?’’ ते काय उत्तर देते ते ऐका. या एका प्रश्नात अर्धे बालशिक्षण आहे. डोंगरातल्या घरी कांदा नसेल, तर हिरडा आहे. बाळहिरडा आणि मोठा हिरडा वेगळा करणे, ओंजळीने मोजणे, मापट्याने मोजणे. चिंचोके आहेत, सागरगोटे आहेत, वालाच्या बिया आहेत. वस्तू फार लहान असेल आणि मूल तोंडात घालत असेल, तर मोठ्याने जवळ बसावे, एवढे पथ्य मात्र पाळायलाच हवे.

गणिताविषयी एक गोष्ट आपल्या मुलखानेच आपल्याला शिकवून ठेवली आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांच्या वेळी दान दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांची मोजदाद कोरली आहे, आणि ती लिहिताना अंकचिन्हे वापरली आहेत. आपल्या देशातल्या अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. आधी गाई आल्या, मग आकडा आला. मुलाचेही तसेच आहे. आधी पाच भाकऱ्या मोजू द्या, पाच शेळ्या गोठ्यात आल्या का ते पाहू द्या. पाचाचे चिन्ह मग सावकाश दाखवा. शंभरापर्यंत घडाघडा म्हणणारे आणि सात वाट्या मांडता न येणारे मूल आपण पुष्कळदा कौतुकाने पाहुण्यांपुढे उभे करतो. ते कौतुक थोडे आवरावे.

भाषेसाठी तर पेटी आजीच्या तोंडात आहे. गोष्ट, उखाणा, कोडे, जात्यावरची ओवी. पुस्तके हवीत, चित्रेही हवीत. पण ती फुकट मिळू शकतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर आणि मोबाइलवर पाहता येतात. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य आहेत. मोबाइल मुलाच्या हातात देऊन आपण उठून जाऊ नये. मांडीवर घेऊन आपणच वाचून दाखवावे. मग तो मोबाइल म्हणजे पुस्तकच झाले.

सरकारनेही या वयाकडे अलीकडे लक्ष दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा म्हणून मानले. २०२२ मध्ये त्या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्यांची, चित्रपत्त्यांची, गोष्टींची पेटीच राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने तयार केली. आपल्या राज्यातल्या अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ नावाचा बालशिक्षण अभ्यासक्रम बनवला गेला. तेव्हा विकतची पेटी घेण्याआधी एकदा अंगणवाडीत जाऊन ताईंना विचारावे : ‘‘ताई, या महिन्यात मुलांकडून काय करून घेताय? घरी आम्ही काय करू?’’ पुष्कळ ताई आनंदाने सांगतील. असे विचारणारे आईबाप त्यांना तरी रोज कुठे भेटतात!

आणि एक इशारा. घरची पेटी आणली म्हणून अंगणवाडीचे नाव सोडू नये. अंगणवाडी म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत. तिथे मुलाचे वजन होते, लसीकरणाची आठवण ठेवली जाते, गरम आहार मिळतो. आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे तिथे दुसरी मुले असतात. भांडायला, समेट करायला, रांगेत थांबायला, रडणाऱ्याचे डोळे पुसायला दुसरे मूल लागते. ते कोणत्याही पेटीत घालून देता येत नाही. लांब मळ्यात राहणाऱ्या तीन-चार घरांनी एकत्र यावे, आळीपाळीने एकेकीने आपल्या अंगणात तासभर मुले सांभाळावीत. बोर्डीच्या पाड्यावर जे झाले ते आपल्या मळ्यात का होऊ नये?

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. २००९ साली बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सहाच्या आत शाळेची सक्ती नाही. म्हणून या वयात घरी शिकवले तर धास्तावण्याचे कारण नाही. सहा पुरी झाली की मात्र मुलाचे नाव शाळेत असू द्यावे. आणि जी मुले मागे राहिली, ऊसतोडीमुळे असो की फडामुळे असो, त्यांना वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ती मागायला कोणी संकोचू नये, आणि द्यायला कोणी कुरकुरू नये.

शेवटी माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पहिलीच्या वर्गात जूनमध्ये नवी मुले येतात तेव्हा आपण पाहतो, कोणाला किती अक्षरे येतात. त्याऐवजी पहिले पंधरा दिवस एवढेच पाहावे, की कोण प्रश्न विचारते, कोणाला गोष्ट सांगता येते, कोण हातातले काम शेवटाला नेते. ज्या मुलाला एकही अक्षर येत नाही पण ज्याने आजीबरोबर हिरडा निवडला आहे, ते मूल कोरे नाही. त्याच्या आईला बोलावून सांगा, ‘‘ताई, तुम्ही घरी पुष्कळ शिकवलंत.’’ हे वाक्य आमच्या खेड्यातल्या आयांनी फारसे ऐकलेले नसते. ते ऐकले, की पुढच्या पोरासाठी पेटी घ्यायची की नाही, हे ती स्वतःच नीट ठरवील. आणि घेतलीच, तर तिची धनीण होऊन वापरील.